अंगणवाडी सांभाळून समाजशास्त्राचं बी.ए.

ऑगस्ट २०२५ मध्ये तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले. परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावात २०१२ पासून मी अंगणवाडी सेविका आहे. निकाल कळल्यापासून बीटमधल्या (म्हणजे आमच्या गटातल्या अंगणवाड्यांच्या) सेविका, मदतनीस, आशाताई, गावातल्या दोन-तीन सुना फोन करून विचारायल्यात, "ताई, कसं केलं ओ? आम्हाला जमंल का?" प्रत्येकीला फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. लांबलं तर सांभाळून घ्या. आम्हाला रकान्यात लिहायची सवय, कोरं पान मिळालं की हात सुटतो.

बारावी मी २००८ ला केली, कला शाखेतून. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. पुढं शिकायचं मनात होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाईंच्या, पदाला पदवी लागते, हे खरं कारण. मानधनावर किती वर्षं काढायची, हा विचार मुलगी हायस्कूलला गेल्यावर जास्त यायला लागला. समाजशास्त्रही आवडीनं घेतलेलं नाही. पुस्तकं मराठीत आहेत, गणित नाही आणि "त्यात पास होतंय माणूस" असं एका सेविकेनं सांगितलं होतं, एवढ्यावर घेतलं.

रोज कॉलेजला जाणं शक्यच नव्हतं. म्हणून नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ आपल्यासारख्यांसाठीच आहे. तालुक्याच्या कॉलेजात त्याचं अभ्यासकेंद्र असतं, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं होतात, पुस्तकं घरी वाचायची, गृहपाठ लिहून द्यायचे, परीक्षा केंद्रावर. घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता काय कलेक्टर व्हायलीस का?" नवरा म्हणाला, "फी किती?" नकार कोणी दिला नाही. आमच्याकडं एवढं झालं की परवानगी मिळाली समजायचं.

जून २०२२. ट्रंक उघडली तर बारावीच्या गुणपत्रकाला वाळवी लागलेली. नाव आणि बैठक क्रमांक शाबूत, गुणांचा अर्धा भाग भुगा. जुन्या कनिष्ठ महाविद्यालयात गेले, तिथून दुय्यम गुणपत्रकाचा अर्ज भरून घेतला, सोबत प्रतिज्ञापत्र जोडलं. परभणी, हिंगोली, जालना, बीड हे सगळे जिल्हे बोर्डाच्या औरंगाबाद विभागाकडं येतात (तेव्हा पाटीवर तेच नाव होतं), म्हणून सकाळच्या रेल्वेनं तिकडं गेले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज नीट पाहून घेतला. माझ्या मागं जालन्याचा एक म्हातारा उभा होता, नातवाच्या गुणपत्रकासाठी आलेला. त्यानं मला भाकरी-ठेचा दिला. गुणपत्रक हातात आलं तेव्हा पोळा होऊन गेला होता. प्रवेशाची मुदत वाढली होती, म्हणून वर्ष वाचलं. तेव्हा बायांनो, आधी ट्रंक उघडा, मग प्रवेशाचा विचार करा. बैठक क्रमांक, वर्ष आणि महिना (फेब्रुवारी-मार्च की ऑक्टोबर) एवढं जरी कुठं लिहिलेलं असलं तरी दुय्यम प्रत निघते.

मग नावाचं प्रकरण. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आपल्यापैकी शंभरातल्या नव्वद जणी इथंच अडकतात. मला केंद्रावर सांगितलं की प्रवेश अर्जात नाव गुणपत्रकाप्रमाणंच टाका आणि दोन्ही नावं एकाच बाईची आहेत याचा पुरावा जवळ ठेवा. पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रात छापलेला नावबदल. आमच्या लग्नाची नोंदच झालेली नव्हती. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक हेच विवाह निबंधक होते, ते मला अंगणवाडीच्या कामामुळं ओळखत होते, तरी कागद सगळे लागलेच: दोघांचे वयाचे पुरावे, फोटो, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही आणि लग्नपत्रिका. चौदा वर्षांपूर्वीची पत्रिका कोण ठेवतं? आमच्या आत्यानं ठेवली होती, देवघरातल्या पोथीत खूण म्हणून. भटजी वारले होते, त्यांच्या ऐवजी प्रतिज्ञापत्र चाललं. उशिराच्या नोंदणीचा दंड फार नाही, धावपळच जास्त. त्यातून झालं असं की माझी पदवी माहेरच्या नावावर आहे. वडील २०१५ ला गेले. तिसरी शिकलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाच्या कागदावर आलं, याचं मला काय वाटतं ते इथं लिहिता येत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. नेट कॅफेवाला घाईत स्वतःचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकून मोकळा होतो, ते होऊ देऊ नका. नंतरचा प्रत्येक ओटीपी, हॉलतिकिटाचा मेसेज, निकालाची लिंक त्याच नंबरवर येते. आमच्या केंद्रावरच्या एका पोरीला परीक्षा सुरू झाल्यावर कळलं की परीक्षा सुरू झालीय. स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल, पासवर्ड वहीत. आणि फॉर्मची एक झेरॉक्स घरी. मला पहिल्या वर्षी फी, फॉर्म भरणावळ, फोटो-झेरॉक्स सगळं धरून तीन हजारांच्या आत-बाहेर खर्च आला. पुढं एबीसी आयडीही (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा नंबर) मागितला. तो आधारवरून निघतो आणि नाव जुळत नसलं की तिथं पुन्हा हीच विवाह दाखल्याची कथा. फाईल जपून ठेवा.

पुस्तकं आली तेव्हा सासूबाईंनी उचलून वजन बघितलं.

पहिल्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. इंग्रजीची धास्ती होती. मुलगी तेव्हा सातवीत, तिच्याकडून पत्रलेखन आणि काळ शिकले. ती चुकीला हातावर पट्टी मारायची आणि खूश व्हायची. काठावरच निघाले, पण निघाले. संपर्कसत्राला पहिल्यांदा गेले तर वर्गात आम्ही मोजकीच माणसं: पोलीस भरतीचा अभ्यास करणारी तीन पोरं, एक नवी नवरी, एसटीतले एक कंडक्टर काका आणि मी. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "प्रत्येक घटकाच्या शेवटी प्रश्न दिलेत, ते हातानं लिहून काढा. गाईड घेऊ नका." पोरांनी गाईड घेतलं. सुट्टीच्या दिवशी एसटी कमी, त्यात तिकिटाचा खर्च, म्हणून आधी मी सत्रं टाळायची. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि माझी हजेरी सुधारली. हे सरकारच्या जाहिरातीसाठी लिहीत नाही, हिशोबाच्या वहीत दिसतंय म्हणून लिहितेय.

अभ्यासाला वेळ कुठून काढला, हे सगळ्या विचारतात. दिवसा अंगणवाडी, खाऊ, वजनं, गृहभेटी, पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपमध्ये भरणं. रेंज नसली की ते संध्याकाळी गच्चीवर. रात्री पुस्तक घेतलं की डोळे मिटायचे. मग मी एक केलं. पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि भाकरी करताना लावायचं. सासूबाई चुलीजवळ बसून ऐकायच्या. 'सामाजिक नियंत्रण' चालू असताना एकदा म्हणाल्या, "हे तर आम्हाला न शिकताच कळतंय." दुसऱ्या दिवशी मी तो घटक पुन्हा लावला, तर बंद करू दिला नाही.

दुसरं वर्ष मात्र वेगळं गेलं. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा बेमुदत संप सुरू झाला. मोर्च्याला, धरण्याला जाणं होतंच, पण अंगणवाडीला कुलूप असल्यानं दुपारी मोकळ्या मिळाल्या. मानधनाची चिंता होती, दहा हजार तर दहा हजार, तेही थांबलेलं. त्या दिवसांत जिल्हा परिषदेसमोर मंडपात बसून मी कुटुंबसंस्थेचा घटक वाचला. तिथं समाजशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची एकत्र कुटुंबाची व्याख्या आहे. एका छताखाली राहणारे, एका चुलीवर शिजवलेलं खाणारे, सामाईक मालमत्ता असलेले, सामाईक पूजेअर्चेत भाग घेणारे आणि एकमेकांशी नात्यानं बांधलेले लोक, असा तिचा आशय.

वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढं माझं कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर आलं. आमच्या गावात चार भावांचं एक घर आहे. रेशनकार्डं चार, कारण वेगळं कार्ड केलं की धान्य वेगळं मिळतं. चूल एक. शेत वडिलांच्या नावावर एकच सातबारा. खंडोबाची तळी एकत्र. मी रजिस्टरला चार कुटुंबं लिहिली होती, रेशनकार्ड बघून. जनगणनेत कुटुंब धरताना सामाईक स्वयंपाकघर बघतात, म्हणजे तिथं ते एक. कर्व्यांच्या हिशोबानं एक. पुरवठा खात्याच्या हिशोबानं चार. आणि दसरा-दिवाळीनंतर त्यातले दोन भाऊ कोयता घेऊन कारखान्याला जातात, पाचटाच्या कोपीत चूल मांडतात, होळी-पाडव्याला परत येतात. मग सहा महिने दोन-तीन चुली, सहा महिने एक. वर्गात मी हे विचारलं. सर थांबले, फळ्यावर पाच अटी लिहिल्या आणि म्हणाले, "चला, तपासू." कंडक्टर काका म्हणाले, "मालमत्तेचं भांडण झाल्यावर विचारा, लगेच कळंल कुटुंबं किती ते." त्या दिवशी तास वेळेवर सुटला नाही.

तिथून पुढं मी पुस्तक पास होण्यासाठी वाचलं नाही असं नाही, पण वाचताना पेन्सिल हातात आली. सामाजिक संशोधन पद्धतीत तर प्रत्येक पानावर मी सापडायची. प्राथमिक तथ्यं, दुय्यम तथ्यं, मुलाखत अनुसूची, प्रश्नावली, नमुना निवड. प्रश्नावली उत्तर देणारा स्वतः भरतो, अनुसूची विचारणारा भरतो, हा फरक पोरांना पाठ करावा लागला. मी इतकी वर्षं अनुसूचीच भरत आले होते, पाऊस-उन्हात दारोदार. अभ्यासकांना जे 'दुय्यम' म्हणून छापील तक्त्यात मिळतं, ते कुणीतरी आधी उंबऱ्यावर बसून विचारलेलं असतं. उत्तर देणारी बाई सासूसमोर काय सांगते आणि हौदावर एकटी भेटल्यावर काय सांगते, यात फार अंतर असतं. पुस्तकात याला दोन ओळी आहेत. मी पेपरात पानभर लिहिलं.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या रामपुरा नावानं ओळखल्या जाणाऱ्या गावात राहिले, सगळं टिपून ठेवलं. पुढं १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना जाळपोळीत त्यांची वर्षानुवर्षं तयार केलेली टिपणं जळाली. मग त्यांनी त्या गावावरचं पुस्तक मुख्यतः आठवणीतून लिहिलं. सरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. रजिस्टर भिजलं तर काय होतं हे सेविकेला विचारा. प्रभावी जात ही त्यांची संकल्पना मला एका वाचनात कळली, कारण आमच्या गावाला ती समजावून सांगायची गरज नाही: संख्या, जमीन आणि पंचायत ज्यांच्या हातात, ते.

तिसऱ्या वर्षात दुर्खेम. या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. आत्महत्या ही एकट्याच्या मनातली गोष्ट वाटते, पण तिची समाजात कारणं असतात, हे त्यानं वेगवेगळ्या देशांची आकडेवारी ताडून दाखवलं. आत्मकेंद्री, परार्थवादी, प्रमाणकशून्यतेतून (समाजाचे नियम ढिले पडल्यावर) होणारी, दैववादी असे चार प्रकार. पाठ करायला सोपं. मी मात्र कितीतरी दिवस त्या घटकाच्या पुढं जाऊ शकले नाही.

आपल्याकडं शेतकऱ्यानं जीव दिला की प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्ह्याची समिती ठरवते. जमीन नावावर किंवा कुटुंबाच्या नावावर होती का, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज होतं का, परतफेडीचा तगादा होता का. पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाखाची मदत. माझ्या लाभार्थ्यांत एक बाई आहे, तिच्या नवऱ्याचं प्रकरण अपात्र झालं. जमीन बटईची, कर्ज पाहुण्यांचं. मग तो शेतकरी नव्हता का? आणि शेतात राबणारी बाई गेली तर? तिच्या नावावर सातबारा कुठं असतो? दुर्खेमनं सरकारी आकडे घेतले. त्या आकड्यांत काय धरायचं आणि काय सोडायचं हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला. तो पुस्तकात 'मर्यादा' या मथळ्याखाली होता. मी ती बाई आठवत लिहिला. किती गुण पडले माहीत नाही, पेपर मी परत बघितला नाही.

यातूनच एक उपयोगाचं सांगते. उत्तरात आपल्या भागातलं उदाहरण घाला. प्रादेशिक असमतोल आला की मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला हे लिहा, १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालातला अनुशेष लिहा, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे लिहा. पंचायत राज आलं तर त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, महाराष्ट्रात महिलांना निम्म्या जागा, आणि मग सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची कोणाची असते तेही लिहा. गाईडात हे नसतं, म्हणून तपासणारा थांबतो. मात्र आधी व्याख्या, विचारवंताचं नाव, मुद्दे आणि मग उदाहरण. नुसतं गावाचं गाऱ्हाणं लिहून गुण मिळत नाहीत.

परीक्षा उन्हाळ्यात. परभणीचा उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. पंखा आहे पण लाईट नाही, घामानं उत्तरपत्रिकेवर तळवा चिकटतो. हाताखाली रुमाल ठेवा, पाण्याची बाटली पारदर्शक घ्या, लेबल काढून. हॉलतिकिटाच्या दोन प्रती, ओळखपत्र मूळ. दोन पेपरांच्या मध्ये दिवस असेल तर गावाकडं जाऊ नका, कुणाकडं तरी मुक्काम करा. घरी गेलं की पापड-कुरडया वाट बघत असतात. मी नणंदेकडं राहिले. तिनं तेवढे दिवस मला ताटावरून उठू दिलं नाही, भांडी तर लांबच.

तीन तास सलग लिहिणं हे आपल्या वयात अवघड जातं. माझा हात रजिस्टरामुळं चालता होता, तरी पहिल्या वर्षी शेवटचे दोन प्रश्न धावत-पळत झाले. म्हणून पुढं गृहपाठ मी घड्याळ लावून लिहिले. एका उत्तराला पाव तास, झालं तर झालं. गृहपाठ स्वतःच लिहा. दुसऱ्याचा उतरवला तर हात चालतो, डोकं चालत नाही. जमा केल्याची पोच मागून घ्या. आमच्याकडं एकाचे गृहपाठ सापडेनात, पोच होती म्हणून गुण लागले.

२०२५ च्या निकालाची लिंक मुलीनं उघडली, ती आता दहावीत. तिनं आधी इंग्रजी बघायचं नाही का असं विचारलं. तिला कळेना की या वर्षी इंग्रजी नव्हतंच. नवऱ्यानं पेढे आणले, आणि बीटच्या बैठकीत कुणीतरी फेटाही बांधला, त्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतायत ते मी पाठवलेले नाहीत. तिन्ही वर्षांचा सगळा खर्च, प्रवास आणि औरंगाबादच्या फेरीसकट, माझ्या वहीत पंधरा हजारांच्या खाली आहे. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज केलाय. ते येईपर्यंत गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती चालतात.

मुख्यसेविकेचं अजून काही नाही. जाहिरात निघाली की फॉर्म भरणार आहे, तोवर अंगणवाडी आहेच. कुटुंब सर्वेक्षण पुन्हा आलंय. त्या चार भावांच्या घरी मागच्या आठवड्यात गेले होते. रकाना एकच आहे, म्हणून रेशनकार्डाप्रमाणं चारच लिहिली आणि समासात पेन्सिलीनं 'चूल एक' असं टाकलं. मुख्यसेविका बाईंनी बघितलं आणि खोडायला सांगितलं नाही.